उंबऱ्याशी परत आलेला गोऱ्हा

ताथवडे

चि. मुग्धास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाऊस लागून राहिलाय. भुयारी मार्गात पाणी साचलं, म्हणून तुझे बाबा काल पुनावळ्याकडून वळसा घालून आले. आईच्या गुडघ्याची काळजी करू नकोस, मी रोज तेल लावून देते. पण तू फोनवर हिरमुसलेली वाटलीस, ते मनातून जात नाही.

म्यूनिकच्या सभेत तुम्ही पेशी कशी जुळवता ते तू सांगत होतीस आणि मागून कुणीतरी विचारलं, ‘दुसरा फ्रँकेन्स्टाइन बनवताय का?’ तू हसून पुढे गेलीस. बाळा, पुढच्या वेळी तिथे थांब. त्याची भीती अडाण्याची समजू नकोस.

मी ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे पुस्तक पुन्हा वाचलं. मेरी शेलीनं 1816 च्या उन्हाळ्यात ते लिहायला घेतलं, तेव्हा ती 18 वर्षांची होती. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई गेली होती, आणि 1815 मध्ये तिचं स्वतःचं तान्हं मूलही. 1818 मध्ये पुस्तक छापलं, त्यावर तिचं नाव नव्हतं. त्यातला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन शिकतो ते इंगोलश्टाट तुझ्या म्यूनिकपासून जवळच आहे बघ. त्यानं घडवलेला जीव डोळे उघडतो आणि व्हिक्टर पळून जातो. त्याला साधं नावही देत नाही. ते बिचारं लपून एका घरातलं बोलणं ऐकत भाषा शिकतं, माया मागतं. ती मिळत नाही, तेव्हा ते सूडावर उतरतं. 1931 च्या सिनेमानं मात्र त्याच्या डोक्यात गुन्हेगाराचा मेंदू घातला आणि त्याची वाचाच काढून घेतली. तेव्हापासून दोष घडवलेल्या जिवाच्या माथी बसला. आपल्याकडे अशा वेळी लोक भस्मासुर म्हणतात. मला तर कर्ण आठवतो, मंत्रानं झालेला आणि पेटीतून नदीत सोडलेला.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि पुढे संकरित गाई गावोगावी दिसू लागल्या. आपल्या गोठ्यातही डॉक्टर कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन द्यायला आले. आजी म्हणाली, नळीतून झालेलं वासरू घराला लाभायचं नाही. कालवड झाली, मोठी होऊन भरपूर दूध देऊ लागली, आणि आजीच तिच्या आंबोणात गूळ घालू लागली. मग गोऱ्हा झाला. त्याला नीट वशिंड नव्हतं, जू ठेवणार कुठे? एका पहाटे घरचे त्याला पवना नदीकडच्या रानात सोडून आले. दुसऱ्या दिवशी तो उंबऱ्याशी येऊन हंबरत उभा राहिला. मी नऊ वर्षांची होते. मी दार उघडलं नाही. त्याला पुन्हा नेऊन सोडलं.

आजी ज्याला भ्यायली ते घडलंच नाही. जे घडलं, त्याला कुणी भ्यायलं नव्हतं.

2010 मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या गटानं रसायनांतून जोडलेला जनुकसंच जिवाणूत घातला, तेव्हा त्यात आपली नावं सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवली. मला ते आवडलं. हे आमचं, असं कुणीतरी म्हटलं. पण मुग्धा, नाव लिहून पालकपण संपत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधीच विचारत जा: निधी संपला तर हे कोण सांभाळेल? उरलेलं कसं नष्ट करणार? बाहेर गेलं तर कुणाला कळवायचं, आणि कोण उत्तर देणार? ही उत्तरं वहीत पहिल्या पानावर लिही. सभेतला तो माणूस पुन्हा भेटला तर तेच पान त्याला दाखव.

मेतकूट आणि गोडा मसाला पाठवतेय, डबा घट्ट लाव. रात्री उशिरापर्यंत जागू नकोस. पत्राचं उत्तर सावकाश दे, पण ते पान आधी लिही.

तुझी,
आत्या