जो नको म्हणत नाही, त्याजपासून किती घ्यावे?

गुग्गुळ हा पदार्थ आपणांपैकी बहुतेकांच्या घरी केव्हा ना केव्हा आलेलाच असतो. धुरी द्यावयाची असली म्हणजे निखाऱ्यावर त्याचा खडा पडतो, आणि सांधे धरले म्हणजे वैद्य योगराज गुग्गुळाच्या गोळ्या देतो. पण हा खडा कोठून येतो, असे विचारणारा मनुष्य क्वचितच आढळतो. मी स्वतः दोन हिवाळे गुडघ्यांसाठी त्या गोळ्या घेतल्या, आणि एकदाही विचारले नाही. पुढे वाचनात जे आले त्यावरून मनात एक प्रश्न उभा राहिला, तो आज आपणांपुढे ठेवीत आहे.

गुग्गुळाचे झुडूप राजस्थानात जैसलमेर, बाडमेर व जोधपूरकडे, गुजरातेत कच्छ व काठेवाडात, आणि सरहद्दीपलीकडे सिंधमध्ये खडकाळ, ओसाड जमिनीत उगवते. जैसलमेराकडे सालाचा पाऊस सरासरीने वीतभरही भरत नाही. अशा ठिकाणी हे झुडूप बहुधा पुरुषभर उंचीचे होऊन राहते. त्याच्या फांद्यांची टोके काट्यांसारखी असतात, साल कागदाच्या पातळ पापुद्र्यांप्रमाणे सुटते, आणि वर्षाचा मोठा भाग त्यावर पान नसते. फुले तांबूस आणि इतकी बारीक, की वाटसरूच्या ती ध्यानातही येऊ नयेत. ह्या जातीत नर व मादी झुडपे बहुधा वेगवेगळी असतात, आणि नर झुडपे फारच विरळा. मग बी कसे धरते? आपल्या देशातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1996 साली असे दाखविले की मादी झुडूप परागावाचूनही बी धरू शकते. परंतु त्या बियांपैकी थोड्याच रुजतात, आणि रुजलेले रोप चीक काढण्याजोगे होण्यास आठ-दहा वर्षे लागतात.

आता चिकाविषयी. सालीस घाव झाला म्हणजे तेथून सुवासिक रस पाझरतो व वाळून घट्ट होतो. आपल्या जखमेवर खपली धरते तसाच हा प्रकार. ती खपली खरवडून आपण बाजारात आणतो, आणि तिलाच गुग्गुळ म्हणतो. मागी लोकांनी बेथलेहेमात आणलेला गंधरस ह्याच कुळीच्या झुडपाचा, गुग्गुळाच्या सख्ख्या भावंडाचा, चीक होय. आणि त्यांनी आणलेला ऊदही ह्याच घराण्यातील झाडाचा. सातपुड्याकडील आपले वाचक जी सालई ओळखतात, ती त्या ऊदाची बहीण.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हलक्या हाताने थोडेच घाव घातले, तर झुडूप जगते व पुनः देते. एका झुडपापासून मिळतो तो पाव-अर्धा किलो. इतक्यावर समाधान न मानता पुष्कळ ठिकाणी चाकूच्या पात्यास मोरचूद, डिंक व घोड्याचे किंवा गाढवाचे मूत्र ह्यांचा लेप लावून खोल घाव घालतात. त्याने चीक पुष्कळ सुटतो. पण झुडूप वाळू लागते आणि लौकरच मरते. हे अनेक वर्षे चालले, आणि 2015 साली जगातील दुर्मिळ होत चाललेल्या जीवांच्या यादीत गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली.

तर प्रश्न असा, की ह्यात दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, झुडपास का जीवात्मा आहे? ते मनुष्याच्या उपयोगासाठीच आहे. उपयोगासाठी आहे हे मीही मानतो. परंतु गाय देखील उपयोगासाठीच आहे, आणि तरी वासरासाठी एक सड न सोडणाऱ्या गवळ्यास आपल्या गावात लोक नावे ठेवतात. घरट्यातील पिले घे, पण आईला सोडून दे, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. ती आज्ञा पक्षीण ओरडते म्हणून दिलेली नसावी. ज्याच्यापासून उद्याही घ्यावयाचे आहे त्याचे मूळ राखावे, एवढे घेणाऱ्यावर बंधनच आहे, मग देणारा मुका का असेना.

दुसरा म्हणेल, चाकू धरणारा तो लोभी मनुष्य दोषी. येथे मात्र मला थांबावे लागते. तो डोंगर त्याच्या मालकीचा नाही. आज त्याने ते झुडूप राखले, तर उद्या दुसरा कोणी येऊन तेच चिरील, आणि ह्याच्या मुलांच्या ताटात काही पडणार नाही. अशा मनुष्याला घरी बसून लोभी म्हणणे मला जमत नाही. त्याने केले ते चांगले, असे मी म्हणत नाही. परंतु त्याच्या चाकूची किंमत आमच्यापैकी प्रत्येक गिऱ्हाइकाने थोडी थोडी भरलेली आहे, आणि त्यात माझेही पैसे आहेत.

कोणी आणखी म्हणेल की औषधासाठी तरी क्षमा असावी. असावी, पण तेथेही थोडे पाहावे. सुश्रुताने मेदाच्या रोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्याच्या आधारे 1966 साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात डॉक्टर सत्यवतीबाईंनी सशांवर प्रयोग केले, आणि त्यांत रक्तातील चरबी उतरलेली दिसली. त्यावरून औषध निघाले व ते परदेशांतही खपू लागले. पुढे अमेरिकेत 103 माणसांवर आठ आठवडे परीक्षा झाली, तिचा निकाल 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तातील वाईट चरबी उतरण्याऐवजी काहीशी वाढलेलीच आढळली. वाद मिटला असे नाही. तथापि आठ-दहा वर्षांचे झुडूप ज्या गुणासाठी मारावयाचे, तो गुण आपल्याला खरोखर लाभतो की नाही, हे विचारण्याचीही तसदी आम्ही घेत नाही. माझ्या गुडघ्यांस त्या गोळ्यांनी उतार पडला की शेकण्याने, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

उपाय अगदीच नाही असे नव्हे. पावसाळ्याच्या आरंभी जाड फांदीचे तुकडे लावले तर मुळे धरतात, आणि झुडूप न मारता चीक काढण्याच्या रीतीही जोधपूरच्या मरुक्षेत्र संस्थेत शोधून काढल्या आहेत. पण आज लावलेली फांदी चिरण्याजोगी होईपर्यंत लावणाऱ्याचे मूल शाळा संपवून बाहेर पडेल. तोवर त्या घरची चूल कशावर पेटावी? राखून काढलेला गुग्गुळ महाग पडेल हे उघड आहे. ते वाढीव मोल द्यावयास मी तयार आहे काय, असे मी स्वतःस विचारले, तेव्हा उत्तर लगेच आले नाही.

डबीत अजून थोड्या गोळ्या उरल्या आहेत. त्या संपल्यावर दुसरी डबी आणण्यापूर्वी दुकानदारास विचारावे असे ठरविले आहे. त्याला ठाऊक नसेल, तर त्याच्या व्यापाऱ्यास विचारावयास सांगेन.