खजिना कपाटात की कानात?



धन साठवण्याविषयी बोलताना प्रभू येशूने कसर आणि गंज यांची आठवण करून दिली (मत्तय, अध्याय ६). जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या शौकिनांकडे पाहिले की ही शिकवण नव्याने उमगते.

बीटल्ससारख्या रॉक वाद्यवृंदांचे चाहते जपानमध्ये निघालेल्या त्यांच्या जुन्या रेकॉर्डी शोधत असतात. गाणी तीच, पण जपानी रेकॉर्डचा आवाज स्वच्छ मानला जातो. वेष्टनाभोवती कागदाची पट्टी असते. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून तिला 'ओबी' म्हणतात. पुष्कळांनी ती फेकून दिली, म्हणून ती शाबूत असली की किंमत वाढते. काही जण तर वेष्टन उघडतच नाहीत. गाण्यापेक्षा कागद मोठा झाला!

हे वेड दूरदेशीचे वाटेल. पण त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांचे नाते आपल्यासारख्या रानांशी आहे. पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर इवलासा किडा लाख तयार करतो. त्या लाखेत दगडाची भुकटी मिसळून तबकडी बनत असे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचे गाणे अशाच तबकड्यांसाठी मुद्रित झाले. तबकडीवर पोलादी सुई फिरे आणि दर वेळी ती थोडी झिजे. न झिजता गाणे नाही! प्रभूने सांगितलेल्या गव्हाच्या दाण्याचेही तसेच. कणगीत तो सुरक्षित राहतो, पण त्याला कणीस येत नाही.

मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर व त्यांच्या सोबत्यांनी तबकड्या नुसत्या जपल्या नाहीत. लोकांना एकत्र बसवून ऐकवल्या, त्यांची माहिती नियतकालिकातून छापली. असे जमवणे हे वाटणेच होय.

संत ऑगस्टीन सांगतात की वस्तू वापरण्यासाठी असतात आणि आनंदाने विसावायचे ते परमेश्वरात. यांची अदलाबदल झाली की वस्तू आपली मालकीण होते.

आपल्या घरी रेकॉर्डी नसतील. पण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेले बायबल असेल. पाहुण्यांची वाट पाहणारी, कधीच न काढलेली भांडी असतील. आजीला येणारी रेला गाणी असतील, जी तिच्याबरोबरच मातीत जातील. या आठवड्यात ते बायबल खाली काढू या. त्या भांड्यांत शेजाऱ्याला जेवू घालू या. आजीजवळ बसून एक तरी गाणे शिकू या. आपल्याला मिळालेले दान वाजते ठेवण्याची बुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.