आमेन कोणी म्हणायचे?

जुन्या लॅटिन मिस्साविधीत ख्रिस्तप्रसाद घेणारा वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतो. वेदीसेवक मुलगा त्याच्या हनुवटीखाली थाळी धरतो. ख्रिस्ताचे शरीर तुझ्या आत्म्याचे रक्षण करो, अशी प्रार्थना फादर एकेकासाठी पुटपुटतात, शेवटचे ‘आमेन’ही स्वतःच म्हणतात आणि पवित्र भाकर जिभेवर ठेवतात. घेणाऱ्याला बोलायचे काहीच नसते. पोप सहावे पॉल यांच्या १९६९च्या विधीत फादर ‘ख्रिस्ताचे शरीर’ एवढेच म्हणून थांबतात. आमेन घेणाऱ्याने म्हणायचे.

वाद गाजतात ते लॅटिन की लोकभाषा, जीभ की तळहात यांवर. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या विधीला दार उघडून दिले, फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ते बरेचसे लोटून घेतले. आमेन कोणाचे, याकडे क्वचितच कोणी वळते. मला खरा फरक तिथेच दिसतो.

त्यात ‘नवे’ हे नावही फसवे. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टिन नवदीक्षितांना हेच बजावत होते: तुम्ही ‘ख्रिस्ताचे शरीर’ ऐकता आणि आमेन म्हणता, तर ते आमेन खरे ठरेल असे त्या शरीराचे अवयव व्हा. दृढीकरण संस्काराचेही तसेच: जुन्या विधीत बिशप गालावर हलकी चापट मारत, ती मध्ययुगातली. १९७१च्या विधीने घेतलेले शब्द मात्र पूर्वेकडच्या बायझंटाइन परंपरेतले, त्या चापटीहून कितीतरी जुने. अर्थात जुनेपणा म्हणजे प्रमाण नव्हे. प्राचीन तेवढेच शुद्ध, या हट्टाला बारावे पायस यांनी १९४७ मध्येच टोकले होते.

कृपा काही देणाऱ्याच्या पुण्याईवर अवलंबून नसते, हे ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये ठरवून टाकले. चर्चच्या लेखी दोन्ही विधींत मिळते ते एकच. बदलते ते घेणाऱ्याचे काम. जुन्या विधीत त्याच्यासाठी मागितले जाते, नव्यात त्याला विचारले जाते. विचारले जाणे मला अधिक मानाचे वाटते, आणि अधिक अवघडही. रांग पुढे सरकत असते, आणि बसमध्ये कंडक्टरला स्टॉपचे नाव सांगावे तसे आमेन तोंडातून निसटते. विश्वास डळमळलेल्या रविवारी तर वाटते, आज फादरांनीच माझ्या वतीने म्हणून टाकावे.

ही उसनवारी नव्या विधीनेही पुरती मोडीत काढलेली नाही. तान्ह्या बाळाच्या स्नानसंस्कारात श्रद्धेच्या प्रश्नांना आईबाप आणि धर्ममातापिता उत्तरे देतात. १९७२ मध्ये सुधारलेल्या रुग्णांच्या तैलाभ्यंगात, आजाऱ्याची वाचा गेलेली असली तरी आमेन म्हटले जातेच. ते जमलेले लोक म्हणतात.