परसातले देणे

मनुष्य पशुपक्षी पाळतो तेव्हा त्यांच्याशी त्याचे नाते मालकाचे असते की ऋणकोचे, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस क्षुल्लक वाटत असे. परंतु आमच्या परसातील एका कोंबडीने अंडी देणे थांबविले, आणि त्याचे उत्तर देणे आम्हांस भाग पडले.

आम्ही इंदूरचे रहिवासी. पाच वर्षांपूर्वी झाबुआकडून तीन कडकनाथ तलंगा आमच्या घरी आल्या. झाबुआ-अलीराजपूर भागातील भिल्ल व भिलाला कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही जात. पिसे, तुरा, जीभ, फार काय हाडेही काळसर. अंडे मात्र फिक्या बदामी रंगाचे. माळव्याचा उन्हाळा ती सहज सोसते. ज्वारीची कणी, भाजीचे देठ आणि माती उकरून सापडतील ते किडे एवढ्यावर तिचे भागते. वर्षाकाठी अंडी मात्र शंभराच्या आसपासच. पिंजऱ्यातील व्यापारी कोंबडी तीनशे देते. पण सुमारे दीड वर्षाने तिचा उतार लागला की तिला खाटकाकडे धाडतात.

आमच्या तिघींपैकी थोरलीने गेल्या हिवाळ्यात अंडी थांबविली. दिवस लहान झाले आहेत, पिसेही झडत आहेत, असे म्हणून आम्ही वाट पाहिली. चैत्र आला, नवी पिसे आली. अंडे आले नाही. तेव्हा न्यायालयातील एक स्नेही म्हणाले, "वकीलसाहेब, आता तिला कशाला पोसता? कायदा तुमच्या बाजूस आहे."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कायद्याच्या दृष्टीने कोंबडी ही मालमत्ता. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाचे तिसरे कलम जनावराच्या क्षेमाची काळजी ते ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर सोपविते खरे. परंतु त्याच अधिनियमाचे अकरावे कलम, अनावश्यक यातना न देता अन्नासाठी केलेली हत्या क्रौर्यात गणत नाही. दाणे आम्ही दिले, अंडी तिने दिली, करार संपला.

तथापि करार म्हणावे तर तो लिहिला कोणी? सर्व अटी आम्हीच ठरविल्या. दुसऱ्या पक्षास वाचाच नव्हती. आमच्या व्यवसायात एक जुना नियम आहे : दस्तऐवजातील मजकूर संदिग्ध असेल तर तो ज्याने लिहिला त्याच्याविरुद्ध त्याचा अर्थ लावावा. अंडी थांबल्यावर काय, याविषयी आमचा करार मौन होता. त्या मौनाचा लाभ आम्हीच घ्यावा, हे कोणत्या न्यायात बसते?

यावर कोणी म्हणेल, हे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान झाले. आक्षेप रास्त आहे. भिल्लाच्या अंगणातील कोंबडी ही त्याची अडीअडचणीची पुंजी असते. घरात दुखणे आले की ती विकावी लागते, पाहुणा आला की त्याच्यापुढे वाढावी लागते. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकन मिळाले तेही मांसासाठीच. त्या घरांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचेही हात निर्मळ नाहीत. तलंगा घेताना त्यांच्या भावांचे काय झाले, हे आम्ही विचारले नाही. आणि बेकरीतून जो केक आम्ही आणतो त्यातील अंडे बहुधा पिंजऱ्यातलेच असते.

पण गरज निराळी आणि सवड निराळी. ज्यास सवड आहे त्याने आपण काय काय घेतले ते मोजले पाहिजे. आम्ही केवळ अंडी घेतली नाहीत. सायंकाळी काळा डगला उतरवून परसात बसावे, तर ही थोरली पायांशी येऊन घुटमळे. दिवसभराच्या वादविवादानंतर तिची मंद कुरकुर ऐकून मन निवत असे. या सोबतीची किंमत आम्ही कोणत्या दाण्यांत चुकविली? महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागे चालत आलेल्या श्वानाने सोबतीखेरीज त्यास दुसरे काय दिले होते? तरी त्याच्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्यास धर्मराज सिद्ध झाला नाही. याचा उपयोग काय, हे त्याने विचारले नाही. ही कथा देवळात आपण सर्वांनी ऐकली आहे. परसात मात्र ती आपल्याला आठवत नाही.

आमच्या मातोश्री अंडे शिवत नाहीत. परंतु रोज जेवणापूर्वी काकबळी ठेवून झाला की कोंबड्यांस दाणे त्याच घालतात. स्नेह्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्या कानी घातले. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, तिला दाणे मी घालते. तिचा हिशेब माझ्याकडे राहू दे."

आमचा सारा युक्तिवाद तेथे संपला. थोरली अद्याप खुराड्यात आहे. दिवसाला मूठभर कणी, एवढाच तिचा खर्च. तो जड वाटू लागेल त्या दिवशी आपण दरिद्री झालो, असे आम्ही समजू.