नाकं दाबलीत, आता कान उघडा

हात खाली. नाकावरचेसुद्धा. एक मुलगी तासाला दोनदा परवानगी मागून बाहेर गेली, यात बत्तीशी दाखवण्यासारखं काय होतं? ‘वास आला, वास आला’ असं मागून कोण कुजबुजलं ते मला कळलंय. नाव घेत नाही, कारण कुजबुजणारा एकच होता, खिदळलात सगळे.

पुस्तकं मिटा. उत्सर्जनाचा धडा तोंडपाठ आहे ना? मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटरच लघवी होते, हे परीक्षेत अक्षर न चुकता लिहिता. मग सांगा, वास कशाचा येतो? गप्प का? निरोगी माणसाच्या ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती साचून राहिली की तिच्यातला युरिया जिवाणू फोडतात, त्याचा अमोनिया होतो आणि तो नाकात झोंबतो. म्हणजे मैदानाच्या कडेच्या त्या शौचालयातून जो भपकारा येतो, तो आत्ता आत गेलेल्या मुलीचा नव्हे. सकाळपासून ज्यांनी तांब्याभर पाणी ओतायची तसदी घेतली नाही, त्यांच्या आळसाचा आहे. मुलींनो, गालातल्या गालात हसू नका. तुमच्या बाजूची बादलीही मी कोरडीच पाहते.

आणि त्या घाणीपायी काय चाललंय ते मला दिसत नाही असं समजू नका. सकाळी घरून भरून आणलेली बाटली शाळा सुटताना तशीच दप्तरातून परत जाते. पाणी प्यायलंच नाही म्हणजे जावं लागत नाही, हा तुमचा हिशोब. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं असलेलं पाणी धरून ठेवतात, लघवी थोडी, गडद पिवळी आणि उग्र वासाची होते. शरीर ओरडून सांगतं, पाणी दे. तुम्ही उलट आणखी तासभर दाबून बसता. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, जिवाणू वर चढायला वेळ लागत नाही. ते बाहेर लोटायचं काम लघवीच करते, आणि तीच तुम्ही अडवून धरता. मग जळजळ होते, सारखी घाई होते, लघवी गढूळ होते, घाण वास येतो, ताप भरतो. एवढं होऊनही आईला सांगायची लाज! मुंबईत 2011 साली बायकांनी ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभी केली, ती याच दुखण्यापायी. धड मुतारी मिळत नाही म्हणून दिवसभर घोटभर पाणी न पिणाऱ्या बायका त्या शहरात कमी नव्हत्या. त्यांना मुतारी नव्हती म्हणून त्या भांडल्या. तुम्हाला आहे, तर ती तुम्ही नासवून ठेवलीत.

पाण्याची चेष्टा वाटत असेल तर खारघर आठवा. लांब नाही, आपल्या तळोज्याहून मेट्रोने काही स्टेशनं. 16 एप्रिल 2023 रोजी तिथल्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. माणसं तासन्‌तास भर उन्हात बसली आणि उष्माघाताने 14 जण गेले. आपल्यातल्या काहींच्या घरची माणसं त्या दिवशी तिथे होती, म्हणून जास्त बोलत नाही. एवढंच सांगते, ऊन चढायला लागलं आणि लघवी गडद, उग्र झाली की चक्कर येण्याची वाट पाहायची नाही.

खरं तर तळोज्यातल्या पोरांना नाक कसं वापरायचं ते शिकवावं लागावं, हेच नवल. रात्री एमआयडीसीकडून रसायनाचा वास आला की तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहाटेपर्यंत मेसेज पडत असतात. पडायलाच हवेत. लोकांनी तोंड उघडलं म्हणूनच कासाडी नदीचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. पण कारखान्याचा वास अचूक ओळखणारं नाक स्वतःच्या मोरीत झोपा काढतं. त्याला कारणही आहे. सतत येणाऱ्या वासाची नाकाला काही मिनिटांत सवय होते, मग तो जाणवेनासा होतो. म्हणून नुसता वास आहे की नाही हे पाहू नका. रोजच्यापेक्षा बदललाय का, आणि दोन दिवस पाणी नीट पिऊनही तसाच राहिलाय का, ते पाहा.

आता लगेच घरी जाऊन आजीला आजारी ठरवू नका. मला तुमची खोड माहीत आहे, मोबाइलवर दोन ओळी वाचल्या की डॉक्टर होता. लसूण, कांदा, कॉफी, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या यांनीही लघवीचा वास बदलतो. गोळ्यांनी तर ती पिवळीजर्द होते. बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात ना? मेथीतल्या एका द्रव्याने लघवीला आणि घामाला पाकासारखा गोडूस वास येतो. अगदी तसाच वास तान्ह्या बाळांच्या एका दुर्मीळ, गंभीर आजारातही येतो, आणि मेथीमुळे डॉक्टरही फसल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा नुसत्या वासावरून निदान करायचं नाही. वासाने विचारायचं, उत्तर तपासणी देते.

पण विचारायचं तरी! खिडकीपाशी बसलेले, इकडे बघा. एखादं पोर अचानक घटाघटा पाणी प्यायला लागतं, सारखं लघवीला जातं, मोठं असून अंथरूण ओलं करतं, खाऊनही वाळत जातं. त्यात लघवीला किंवा श्वासाला पिकल्या फळासारखा, नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास यायला लागला, तर तो मधुमेहाचा धोक्याचा इशारा असू शकतो. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून ॲसिटोन होतं. त्यात उलट्या, पोटदुखी, धाप आली तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. वर्गातून सारखं बाहेर जाणाऱ्या मुलाला कदाचित हेच झालं असेल, कदाचित काहीच झालं नसेल. तुम्हाला माहीत नाही. मग हसता कशाच्या जोरावर?

नॉर्वेत एक आई होती. दोन्ही मुलं मतिमंद, आणि त्यांच्या अंगाला, लघवीला एक विचित्र कुबट वास. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, कुणी त्या वासाकडे लक्ष दिलं नाही. बाईने पिच्छा सोडला नाही. 1934 साली अस्बियर्न फोलिंग नावाच्या डॉक्टरने मुलांची लघवी मागवून घेतली आणि तिच्यात शोधता शोधता फिनाइलकीटोनुरिया हा आजार सापडला. त्या दोघांना त्याचा उपयोग झाला नाही, उशीर झाला होता. पण आज कितीतरी देशांत जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हा आजार तपासतात, आणि वेळेवर पथ्य सुरू झालं तर मेंदू वाचतो. त्या बाईलाही लोक हसलेच असतील. तुमच्यासारखे लोक कुठे नसतात?

तर आता कामाचं. मधल्या सुट्टीत प्रत्येकाची बाटली अर्धी रिकामी झालेली मला दिसली पाहिजे. शौचालयाच्या पाण्याची पाळी आजच फळ्यावर लागेल, मुलांची आणि मुलींची वेगळी, पहिला मान मागच्या बाकाला. दोन दिवस नीट पाणी पिऊनही वास बदललेलाच असेल, जळजळ असेल, रंग लाल किंवा चहासारखा दिसत असेल, तर घरी सांगायचं. घरी सांगवत नसेल तर मला सांगा. लघवीची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते, पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय काही परदेशात नाही. नमुना न्यायचा तो त्यांनी दिलेल्याच डबीत, खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून नाही. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली घ्यायची, आणि लगेच नेऊन द्यायची. उन्हात ठेवून दुपारी नेलीत तर जिवाणू काय करतात ते मघाशी सांगितलंय. आणि ती डबी पाच पिशव्यांत गुंडाळून चोरासारखी नेऊ नका. तिथला माणूस दिवसभर तेच पाहतो, तुमच्या डबीचं त्याला काडीचंही कौतुक नाही.