घाटातील स्टेशन व दाविदाचे पाणी

खोपट येथील एका तरुणाने विचारिले की, पावसाळ्यात आगगाडीने केवळ खंडाळ्याचे स्टेशन, बोगदे व धबधबे पाहावयास जाणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय?

ह्यास रिकामपणाचा छंद म्हणणे सोपे आहे. परंतु प्रभूने स्वतः शिष्यांचे लक्ष रानातील फुलांकडे वेधिले. सृष्टी पाहून हर्ष होणे हे पाप नव्हे. खरा प्रश्न निराळा आहे. आगगाडी १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास आली. बोरघाट चढावयास १८६३ साल उजाडले. त्या कामावर हजारो मजूर पटकीने, तापाने व अपघातांनी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हाही १८५९ साली वारला. त्याचे नाव राहिले. मजुरांची नावे कोण जाणतो? मग दुसऱ्यांच्या प्राणांच्या मोलाने लाभलेली शोभा आपण निश्चिंत मनाने भोगावी काय?

तीन वीरांनी जीव धोक्यात घालून बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी आणिले, तेव्हा दावीद ते प्याला नाही. त्याने ते परमेश्वरापुढे ओतिले. त्याने पाणी तुच्छ मानिले नाही; उलट ते इतके मोलाचे मानिले की, त्याने आपली तहान भागविणे त्यास योग्य वाटेना.

तर बंधुजनहो, स्टेशन पाहावयास अवश्य जावे, आणि तो आनंद देवापुढे ओतावा. म्हणजे मेलेल्यांचे स्मरण करावे, व आजही भर पावसात रुळांवर राबणाऱ्या गँगमनास आपला भाऊ समजावे. जो आनंद मनुष्याचा विसर पाडितो तो टाकावा; जो ऋणाची आठवण देतो तो देवाचे दान होय.