शांततेची किंमत कोणी द्यावी?

संत पौलाच्या मार्गाने तुर्कस्तानची यात्रा करणारे भाविक बहुधा इफिसस पाहून परततात. आम्ही थोडे दक्षिणेस उतरलो. पातारा बंदरात संत पौलाने जहाज बदलले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. ते बंदर आता वाळूने भरले आहे. तेथून आम्हांला फेथिये शहराजवळच्या डोंगरात कायाकोय येथे नेण्यात आले. कोय म्हणजे तुर्की भाषेत गाव. पण गावात माणूस नाही.

डोंगरउतारावर शेकडो दगडी घरे आहेत आणि एकाही घरावर छप्पर नाही. एकाच्या भिंतीने दुसऱ्याचा उजेड अडू नये, अशा बेताने ती पायरीपायरीने बांधलेली. घराजवळ पावसाचे पाणी साठविण्याची टाकी. खोल्यांतून अंजिराची झाडे वाढली आहेत. दोन मोठी ख्रिस्तमंदिरे आहेत, एक पवित्र मातेच्या नावाचे व दुसरे वर महादूतांचे. अंगणात काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी अजून टिकून आहे. वेदी रिकामी आहे. आमच्या बरोबरच्या एक वृद्ध बाई एका घरात शिरल्या, भिंतीतला काजळलेला कोनाडा हाताने चाचपला आणि म्हणाल्या, ‘‘चूल इथं होती, फादर. ह्यांना कोणी हाकललं? लढाईनं?’’

लढाईने नव्हे, असे उत्तर आम्ही दिले. आणि ते अर्धेच खरे होते. १९१९ ते १९२२ ह्या काळातील ग्रीक-तुर्की युद्धात दोन्ही बाजूंनी भीषण अत्याचार झाले, लाखो लोक आधीच पळाले होते. परंतु परतीचे दार बंद केले ते तहाने. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे करार झाला आणि तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व ग्रीसमधील मुसलमान ह्यांची सक्तीची अदलाबदल ठरली. सुमारे १२ लाख ख्रिस्ती एका बाजूचे, सुमारे ४ लाख मुसलमान दुसऱ्या बाजूचे. कसोटी भाषेची नव्हती, धर्माची होती. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला गेले, ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात आले. ह्या गावाचे ग्रीक नाव लेविसी. तेथील लोकांनी अथेन्सजवळ नवे गाव वसविले. त्यांच्या जागी आणलेल्यांना ही डोंगरातली घरे मानवली नाहीत. १९५७ च्या भूकंपाने उरलेसुरले मोडले.

ह्या योजनेचा पाठपुरावा करणारा फ्रित्योफ नान्सेन हा दुष्ट मनुष्य नव्हता. निर्वासितांसाठी झिजलेला तो माणूस. १९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यालाच मिळाले. आणि लोझानच्या परिषदेत हा उपाय वाईट आहे, जग त्याची किंमत शंभर वर्षे मोजील, असे बजावणारा कोण? लॉर्ड कर्झन! ज्याने १९०५ साली आमचा बंगाल तोडला, तोच. बजावूनही त्याने करार होऊ दिला.

हेतू चांगला म्हणून साधन चांगले ठरत नाही, असे सेमिनरीत आम्ही पाठ केले होते. पण त्या चुलीजवळ उभे राहून ते म्हणणे सोपे वाटले नाही. लोक राहिले असते तर कदाचित मारले गेले असते. हद्दपारी ही मरणापेक्षा बरी नव्हे काय? तरीही आम्हांला कायफाची आठवण झाली. सर्व लोकांच्या बचावासाठी एकाने मरावे हा हिशेब त्याने मांडला, तेव्हा ज्याने मरावयाचे त्याला कोणी विचारले नव्हते. लोझानला बोलणी झाली ती राष्ट्रांची. लेविसीच्या माणसाला, किंवा क्रीटच्या मुसलमानाला, काय हवे हे कोणी पुसले नाही.

आपल्या वसईतही पडकी ख्रिस्तमंदिरे आहेत. १७३९ साली किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती आला, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्च ओस पडली. पण भोवतालचा ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाडीवर राहिला. त्याला धर्म विचारून कोणी गलबतात बसविले नाही. म्हणून तर ते अवशेष पाहून आपण घरी जेवावयास येतो. १९४७ साली सिंध सोडून कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत, आजच्या उल्हासनगरात, आलेल्या हिंदूंचे नशीब तसे नव्हते.

हे सारे लिहिण्यास एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी, एका जुन्या धर्मग्रामात, दोन भावांचा विहिरीवरून वाद चिघळला होता. कोयत्यापर्यंत गोष्ट गेली. दोघांत धाकटा मऊ, म्हणून आम्ही त्यालाच गाठले आणि वाटा थोरल्याला विकून दूर जाण्याचा सल्ला दिला. त्याने मान खाली घालून ‘‘बरं, फादर’’ म्हटले. घरात शांतता नांदली. त्या नाताळात आम्ही प्रवचनात ह्या समेटाचा उल्लेखही, नाव न घेता, समाधानाने केला होता. धाकट्याला स्वतःला काय वाटते हे मात्र आम्ही विचारले नव्हते. तो ऐकणारा होता, एवढ्यावर आमचे भागले.

यात्रेहून परतल्यावर आम्ही मुद्दाम त्या वाडीत गेलो. थोरल्याने खुर्ची मांडली, चहा दिला. धाकट्याच्या दोन खोल्यांत भाताच्या कणग्या होत्या. त्याचा पत्ता मागितला तेव्हा थोरला बराच वेळ गप्प राहिला. मग तो आत गेला आणि जुन्या वह्या, लग्नपत्रिका चाळू लागला. आम्ही ओटीवर बसून राहिलो.